न बोलावता जाणारी यंगजूवाली

यंगजूवाली कुणाच्या समारंभाला पुढच्या अंगणातून आल्याचं बामगोल गावात कुणाला आठवत नाही. ती मागून यायची. परसात चूल पेटवून त्यावर कढईचं लोखंडी झाकण उपडं घातलेलं असायचं, चारपाच बायका धिरडी घालत बसलेल्या असायच्या, आणि मध्येच एक जास्तीचा हात पिठाच्या पातेल्यात दिसायचा. मान वर करून बघावं तर यंगजूवाली. डोक्याला फडकं, बाह्या कोपरापर्यंत वर, कामाला सुरुवातही झालेली.

"आली बघा बाई," गावप्रमुखाची बायको सांजूवाली म्हणायची. तिच्या सासऱ्यांच्या साठीला तर तिनं सगळ्यांसमोरच विचारलं, "तुला काय वाऱ्यावर वास येतो काय गं? आज आमच्याकडं जेवण आहे हे सांगितलं कुणी तुला?"

"सांगायला कशाला पाहिजे? पीठ पातळ झालंय तुमचं. उलटताना फाटतील धिरडी."

"फाटू देत. आमची आम्ही खाऊ."

यंगजूवाली मूठभर पीठ पातेल्यात टाकून ढवळत राहिली. त्या दिवशी तिनं दोनशेच्या वर धिरडी घातली, पाहुण्यांचे वाडगे तीनदा घासले, उभ्याउभ्या एक वाडगा शेवया खाल्ल्या आणि आली तशी मागच्या मागं निघून गेली. अंगणातल्या चटईवर ती बसली नाही. बस असं कुणी म्हणालंही नाही.

माहेर यंगजूचं म्हणून ती यंगजूवाली. क्वोन मालसुन हे तिचं खरं नाव फक्त ठाण्यातल्या वहीत होतं, आणि त्या वहीत नाव असणं ही काही भाग्याची गोष्ट नव्हती. गावात तिला फुकटखाऊ म्हणायचे. एका वाडग्यासाठी दिवसभर राबणाऱ्या बाईला फुकटखाऊ म्हणणाऱ्यांची मला कमाल वाटते. पण एक खरं, की तिला कधी कुणी बोलावलं नव्हतं. बारसं नाही, साठी नाही, लग्न नाही, मयतीचा निरोपसुद्धा नाही. ती यायची ती आपल्या मनानं. परगावचा एखादा पाहुणा विचारायचा, "ही कुणाची कोण?" आणि बायका एकदम चुलीत फुंकर घालायला लागायच्या.

उत्तर-दक्षिण लढाईच्या पहिल्या उन्हाळ्यात उत्तरेची फौज गावात आली, तेव्हा यंगजूवालीच्या नवऱ्यानं दोन महिने त्यांच्या सभा भरवल्या. शिकलेला होता, बोलता येत होतं, तेवढंच त्याला नडलं. पानगळ सुरू झाली तशी फौज मागं हटली आणि तोही फौजेबरोबर उत्तरेला गेला. यंगजूवालीला तेव्हा सहावा महिना होता. त्यानंतर ना चिठ्ठी ना चपाटी. तरी दर दोन-तीन महिन्यांनी ठाण्यातून कुणीतरी येऊन विचारायचं, पत्र आलं का, माणूस आला का.

लढाई थांबली त्या वर्षी सासू गेली. तिरडी उचलायला आमच्याकडं बारा खांदे लागतात. यंगजूवाली सकाळपासून दारात उभी होती. एक माणूस आला नाही. शेवटी एका म्हाताऱ्या चुलतसासऱ्यानं सासूला चटईत गुंडाळलं, सरपण वाहायच्या लाकडी घोडीवर बांधलं आणि पाठीवर घेऊन डोंगर चढला. मागून ही, पाठीला लेक ओक्बुन बांधलेली. रस्त्यावरच्या सगळ्या घरांची दारं लावलेली होती, पण दारं कागदाची, आणि कागदाला भोकं असतात. त्या भोकांतून सगळं गाव बघत होतं, हे तिला कळत होतं.

डोंगर उतरता उतरता तिनं ठरवून टाकलं. पुन्हा आपलं दार असं ओस पडू द्यायचं नाही. ओक्बुनचं लग्न होईल तेव्हा अंगण भरलेलं पाहिजे. आणि ते भरायचं तर आपण प्रत्येकाच्या दारी जायचं, बोलावलं तर आणि नाही बोलावलं तरी. गावात भातलावणीला एक दिवस तू माझ्याकडं, एक दिवस मी तुझ्याकडं, असंच तर चालतं. मेहनत कुणी बुडवत नाही. एवढ्या एका हिशोबावर बाईनं वीस वर्षं टोमणे गिळले.

ओक्बुन तेगू शहरातल्या कापडगिरणीत कामाला लागली. तिथंच यंत्रं दुरुस्त करणाऱ्या इम ताल्सू नावाच्या मुलाशी तिचं जमलं. मुलगा सरळ होता. तिनं त्याला बापाचं सगळं सांगितलं, त्यानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, माझ्या वडिलांना एवढ्यात सांगू नकोस. त्याचे वडील मोठ्या भावकीतले, कडक. मध्यस्थ बाईला त्यांनी दोनच प्रश्न विचारले. मुलीचा बाप? लढाईत गेला, मध्यस्थ बाई म्हणाली, आणि ते अगदीच खोटं नव्हतं. मुलीची माणसं? सगळं गाव आहे पाठीशी.

"ठीक आहे," ताल्सूचे वडील इम म्हणाले. "लग्नाच्या दिवशी अंगण बघितलं की कळेलच."

हे ऐकल्यापासून यंगजूवालीची झोप उडाली. अंगण रिकामं दिसलं तर ते विचारणार, कुठं गेली तुमची माणसं? मग एकातून एक निघत उत्तरेपर्यंत जाणार. लग्न मोडेल, नाहीतर पोरगी जन्मभर सासरी मान खाली घालून राहील.

त्यात सरकारचा नवा नियम आलेला. लग्न साधेपणानं करा, निमंत्रणपत्रिका काढू नका, पाहुण्यांना जेवण घालू नका. मा आडनावाचा गावप्रमुख कर्ण्यावरून दर आठवड्याला हे वाचून दाखवायचा, आणि त्याच्याच पुतण्याच्या लग्नाला मागच्या परसात दोनशे माणूस जेवलं होतं. पत्रिका नाही तर नाही. "बावीस तारखेला आमची गाय बघायला या हं," असं एकमेकांना सांगायचे, आणि गाय बघायला येणारा ठेवणीतले कपडे घालून यायचा. ठाण्यातला हवालदारसुद्धा गाय बघून, शेवया खाऊन, तोंड पुसत परत जायचा.

तोच हवालदार प्यो लग्नाच्या दहा दिवस आधी यंगजूवालीकडं आला. तरुण पोरगा, स्वभावानं वाईट नव्हता.

"मावशी, लग्न आहे म्हणे. अभिनंदन," तो ओट्याच्या कडेला टेकत म्हणाला. "नियम माहीत आहे ना? इतरांचं मी बघत नाही. पण तुमच्या घरावर वरून लक्ष असतं. निमंत्रण गेलं असं कानावर आलं तर मला लिहावं लागेल."

"नाही जाणार साहेब."

"तोंडीसुद्धा."

"तोंडीसुद्धा नाही."

आणि बाईनं शब्द पाळला. त्या अख्ख्या तालुक्यात तो नियम खरोखर पाळणारी ती एकटीच असेल. ओक्बुन दोन दिवस आधी आली तेव्हा तिला हे कळलं.

"आई, निदान सांजूवाली मामीला तरी सांगून ये."

"सांगायचं कशाला? तारीख गावाला माहीत आहे."

"माहीत असणं वेगळं आणि बोलावणं वेगळं."

"मी कुणाच्या बोलावण्याची वाट बघितली? वीस वर्षं गेले ना? मी गेले तशा त्या येतील."

यात भीती किती आणि अभिमान किती, ते तिचं तिलाही सांगता आलं नसतं. मनातून तिला ही कल्पना आवडली होती. सगळं गाव न बोलावता आपल्या दारी येईल, आणि मग सगळ्यांची फिटंफाट.

आदल्या दिवशी तिनं एकटीनं सोयाबीन दळून टोफू केला, रश्श्याला मासे उकळत ठेवले, चाळीस माणसांच्या शेवया लाटल्या. परसात चूल पेटवून झाकण उपडं घातलं. दर थोड्या वेळानं ती मागच्या वाटेकडं बघायची. एक बाई फिरकली नाही. संध्याकाळपर्यंत ओक्बुननंच धिरडी उलटली. नवरीनं आपल्या लग्नाची धिरडी स्वतः घालायची म्हणजे काय अवस्था झाली असेल बघा.

लग्नाच्या दिवशी सकाळी अंगणात चटया पसरल्या. मध्ये मेजावर पाइन आणि बांबूच्या फांद्या, फडक्यात बांधलेले कोंबडा-कोंबडी, चेस्टनट, खजुरासारखी लाल फळं, सगळं रीतसर मांडलं. नऊ वाजले, साडेनऊ वाजले. अकराच्या बसनं वऱ्हाड येणार होतं. अंगणात कोंबडा-कोंबडीशिवाय कुणी नव्हतं.

शेजारच्या ओकसान आजीनं भिंतीवरून डोकं काढलं. ऐंशीची म्हातारी, ठेवणीतला पांढरा हानबोक घालून तयार.

"अगं, कुणीच नाही?"

"येतील आजी."

"येतील कशा? बोलावलंस कुणाला?"

"बोलवायचं नाही असा हुकूम आहे."

"हुकूम!" आजी भिंतीवर हात आपटून म्हणाली. "हुकूम सगळ्यांनाच आहे. सगळ्या जणी सकाळपासून नटूनथटून सांजूवालीकडं बसल्यात. मी पण आत्ता तिथूनच आले. म्हणतात, वीस वर्षं आमच्या चुलीशी बसली आणि स्वतःच्या पोरीच्या लग्नाला तोंडाला कुलूप लावलं. आम्ही नको झालो तिला. न बोलावता कुणाच्या दारी जायला सगळ्या काय यंगजूवाली आहेत?"

आपण गेलो म्हणून त्या येतील, असं यंगजूवालीला वाटत होतं. पण न बोलावता जाणं ही तिची एकटीची रीत होती. गावातल्या बाकी कुणाला कधी तसं जावं लागलं नव्हतं. लोकांना ते कसं करतात हेच माहीत नव्हतं.

ती तशीच निघाली. पळत पळत गावप्रमुखाच्या घरी पोचली आणि सवयीनं परसाकडं वळली. मग थांबली, मागं फिरली आणि पुढच्या अंगणात जाऊन उभी राहिली. आतल्या खोलीत पंधरावीस बायका बसलेल्या. एका बाजूला गावप्रमुख मा रेडिओ ऐकत होता.

"अगं बाई, यंगजूवाली!" सांजूवाली म्हणाली. "आमच्याकडं आज काही नाही बाई. चूलसुद्धा पेटलेली नाही. वाट चुकलीस काय?"

"ओक्बुनचं लग्न आहे."

"हो का? आम्हाला कुठं माहीत."

"जेवायला या."

"काय म्हणालीस?"

"मी बोलावते," यंगजूवाली म्हणाली. आवाज कापत होता, पण चांगला मोठा निघाला. "सगळ्यांना बोलावते. माझ्या घरी शेवया खायला या."

गावप्रमुखानं खाकरून रेडिओचा आवाज वाढवला. त्यानं काही ऐकलं नव्हतं, हे सगळ्यांना कळलं पाहिजे होतं.

सांजूवाली उठून दारात आली. तिचा चेहरा लाल झाला होता. "एवढंच म्हणायला तुला आजचा दिवस उजाडावा लागला? वीस वर्षं येतेस, आम्ही कधी हाकललं तुला? आणि तू आम्हाला एक 'या' म्हणेनास?"

"तुम्ही मला कधी 'ये' म्हणालात?"

सांजूवालीनं खाली वाकून आपले रबरी जोडे पायात घातले, ते सुद्धा उलटसुलट.

"चला गं," ती मागं न बघता म्हणाली. "आपापले वाडगे घ्या बरोबर. हिच्याकडं कुठले एवढे वाडगे."

सगळ्या आल्या असं नाही. चौघी-पाच जणी डोकं दुखतं म्हणून घरी गेल्या, आणि त्यांना मी नावं ठेवणार नाही. गुमीवाली दारात बराच वेळ उभी राहिली. तिच्या मुलानं पोस्टातल्या नोकरीची परीक्षा दिली होती आणि असल्या नोकरीला घराण्याची, ऊठबशीची चौकशी होते. शेवटी तिनंही वाडगा काखेत मारला आणि निघाली. बायका निघाल्या तसे वाटेतल्या घरांतून पुरुषही निघाले. वऱ्हाड पुलावरून येताना दिसलं तेव्हा यंगजूवालीच्या अंगणात सव्वीस माणसं होती.

ताल्सूनं रीतीप्रमाणे जन्मभराच्या सोबतीची खूण म्हणून लाकडी हंस आणला आणि सासूच्या ओच्यात घातला. यंगजूवाली पुन्हापुन्हा चुलीकडं उठत होती आणि सांजूवाली तिला पुन्हापुन्हा खांदे धरून खाली बसवत होती. "बस गं. आज तुझं काम नाही इथं. धिरडी फाटली तर फाटली." ओकसान आजीनं नवऱ्या मुलाला एवढं छेडलं की तो कानापर्यंत लाल झाला. कुणीतरी तांदळाची पांढरी दारू काढली, कुणीतरी गाणं म्हटलं. इम व्याही सगळ्या चटयांवरून नजर फिरवत तिच्यापाशी आले.

"विहीणबाई, गाव आहे तुमच्या पाठीशी," ते म्हणाले. "माझ्या घरच्या लग्नाला एवढं आपुलकीचं माणूस नव्हतं."

यंगजूवालीचा जीव भांड्यात पडला. ती फक्त वाकली, आणि वाकलेली असतानाच तिला रडू फुटलं. दुपारच्या बसनं नवरानवरी तेगूला गेली. भांडी घासायला थांबलेल्या बायकांना तिनं हट्टानं घरी पाठवलं. उद्या मी घासून वाडगे घरोघर पोचवते, म्हणाली. उद्या प्रत्येकीच्या पुढच्या दारी जायचं निमित्त तिला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी वाडगे घासून तिनं ओट्यावर ओळीनं उपडे घातले होते, तेवढ्यात हवालदार प्यो आला. आज त्याच्याजवळ कागद होता. तो ओट्यावर टेकला आणि बराच वेळ वाडग्यांकडं बघत राहिला. समारंभात भांडी एकमेकांत मिसळू नयेत म्हणून आमच्याकडं प्रत्येक घर आपल्या वाडग्याच्या बुडाला रंगानं खूण करतं. लाल ठिपका, निळी फुली, दोन पांढऱ्या रेघा. कुठली खूण कुणाची हे गावात लहान पोरालाही माहीत असतं. गुमीवालीचा हिरवा ठिपका कडेलाच होता.

"बसमधून अकरा जण उतरले," तो म्हणाला. "वाडगे जास्त दिसतात मावशी."

"माझेच आहेत."

"निमंत्रणाचं काही नाही. तो दंड मी बघतो कसा टाळायचा ते. पण वरून विचारलंय, या घरी कोण कोण जमलं होतं ते लिहून पाठवा. ती वही वेगळी, उत्तरेशी संबंध असल्याच्या संशयाची. त्यात नाव गेलं की निघत नाही. तुम्हाला काय सांगायचं."

यंगजूवाली उठली आणि ओट्यासमोर येऊन त्याच्या आणि वाडग्यांच्या मध्ये उभी राहिली. घागऱ्याचा घेर तिनं दोन्ही हातांनी पसरला. प्योनं मान दुसरीकडं वळवली.

"मी वाडगे वाचायला आलो नाही," तो म्हणाला. "मला एक ओळ पाहिजे. कोण आलं होतं?"

"कुणी नाही."

"विचार करून सांगा. लिहिलं की तेच कायम राहतं. उद्या मुलीच्या सासरचं कुणी ठाण्यात चौकशीला आलं तर त्यांना हेच वाचून दाखवतील. अख्खं गाव असताना हिच्या दारी एक माणूस आलं नाही, असं."

"लिहा साहेब."

तो लिहीत असताना ती तशीच उभी होती. वाचता येत नव्हतं म्हणून तिनं मोठ्यानं वाचायला सांगितलं.

"क्वोन मालसुन हिच्या मुलीचं लग्न साधेपणानं झालं," प्योनं वाचलं. "कुणाला बोलावलं नव्हतं. गावातून कुणीही आलं नाही."

"शेवटचं परत वाचा."

"गावातून कुणीही आलं नाही."

ज्या एका वाक्याच्या भीतीनं ती वीस वर्षं दारोदार गेली होती, ते तिनं दोनदा ऐकून घेतलं. मग लाल शाईच्या डबीत अंगठा बुडवला आणि पुसट उठू नये म्हणून त्या वाक्याखाली चांगला दाबून धरला.